डीएड करावं की बीएड?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे बीड-परभणीच्या खेड्यांतली पोरं हा प्रश्न घेऊन येतात. आधी एक विचारून घ्या: तुम्हाला कोणत्या वयाची लेकरं आवडतात?

डीएड बारावीनंतर दोन वर्षांचं. पहिली ते पाचवीचा वर्ग हवा असेल तर हाच रस्ता, कारण ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बीएडवाल्यांना तिथं पात्रता उरली नाही. बीएडला आधी पदवी, मग दोन वर्षं. म्हणजे घरच्यांनी पाच वर्षं थांबायचं. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला हा फरक फार मोठा असतो. पण आठवी-दहावीला गणित, विज्ञान शिकवायची ओढ असेल तर बीएडच करा. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं आहेत, तिथं चांगल्या विषयशिक्षकाची किंमत गावाला कळते.

पुढची वाट दोघांनाही अवघडच. आधी टीएआयटी ही शिक्षकभरतीची अभियोग्यता परीक्षा, मग पवित्र पोर्टल म्हणजे सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती, नंतर तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक. मानधन महिन्याला प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये. पहिली ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. भरती कधी निघेल, याचा नेम नसतो.

मला विचाराल तर मी डीएडच्या बाजूनं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेल्या आईबापांचं लेकरू गावात राहतं की फडावर जातं, हे पुष्कळदा दुसरी-तिसरीच्या बाईंवर, गुरुजींवर ठरतं. हे शिक्षकच घरी जाऊन आजीला समजावतात, मागे राहणाऱ्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात नाव घालतात.