वायांग गोलेक शिकायला कुठे जावं: बांडुंगची संस्था की जेलेकोंगचं घराणं?

वायांग गोलेक हा पश्चिम जावातल्या सुंदानी लोकांचा लाकडी बाहुल्यांचा खेळ. तो शिकू पाहणाऱ्या परदेशी माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक बांडुंगमधली सरकारी कलासंस्था आयएसबीआय. दुसरी शहराच्या दक्षिणेचं जेलेकोंग, गिरी हरजा घराण्याचं गाव. असेप सुनंदर सुनार्या (१९५५-२०१४) हे इथलेच नामवंत दालांग, म्हणजे सूत्रधार.

संगीत हेच मुख्य ध्येय असेल तर फार विचार करू नका, संस्थाच गाठा. देगुंग, म्हणजे सुंदानी गामेलान, हे वाद्यवृंदाचं काम. घंटा नि पट्ट्या वाजवायला सोबत माणसं लागतात, आणि ती तिथे आयती मिळतात. इंडोनेशिया सरकारची दर्मासिस्वा शिष्यवृत्ती १९७४पासून चालू आहे. पदवी मिळत नाही, पण वर्षभर राहून शिकता येतं आणि दरमहा भत्ता मिळतो. विमानभाडं सहसा आपलं आपणच भरायचं. तबला वाजवणाऱ्यांना केंदांग हा तिथला ढोल विशेष आवडेल: डग्ग्यावर आपण मनगट घासून जी मींड काढतो, ती तिथे वादक मोठ्या ढोलाच्या पुडीवर टाच दाबून काढतो. सरगम पक्की झालेल्यांची मात्र सुरुवातीला त्रेधा उडते, कारण दा-मी-ना-ती-ला हे सूर वरून खाली मोजतात.

बाहुली हातात घ्यायची ओढ असेल तर जेलेकोंग. अभ्यासक्रम वगैरे काही नाही. बसायचं, बघायचं, रात्र-रात्र चालणारे खेळ अनुभवायचे. बाहुलीच्या धडातून गेलेल्या काठीने मान वळते, दोन बारीक काड्यांनी हात हलतात. हे काही महिन्यांत जमू लागतं. दालांग होणं ही गोष्टच निराळी. तो मांडी घालून एकटाच सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, गातो, बाहुल्यांच्या लाकडी पेटीवर ठोकळा आपटून वादकांना इशारे देतो. शिवाय राजाची सुंदानी अदबशीर, तर विदूषक चेपोतची रांगडी. नुसत्या इंडोनेशियन भाषेवर इथे निभाव लागत नाही. वर्षभरात दालांग बनवू, असं कोणी म्हणालं तर मी तिथून काढता पाय घेईन.

महाभारत येतं म्हणून मराठी माणूस खूश होतो, पण ते भांडवल अर्धंच उपयोगी पडतं. तिथली श्रीकांडी, म्हणजे आपला शिखंडी, ही धनुर्धर स्त्री आणि अर्जुनाची बायको. चेपोत आणि त्याचा बाप सेमार तर आपल्याकडे नाहीतच.

आंगक्लुंग या हलवून वाजवायच्या बांबूच्या वाद्याची हौस असेल तर बांडुंगमधल्या साउंग आंगक्लुंग उजो या केंद्रात (स्थापना १९६६) एक दुपार पुरे.

वर्ष हाताशी असेल तर आधी संस्थेत देगुंग आणि केंदांग, मग सुट्टीच्या दिवशी जेलेकोंग, हा क्रम मला पटतो. दोन-तीनच महिने असतील तर प्रवेशाच्या भानगडीत पडू नका. खासगी गुरू गाठून सुलिंग ही बांबूची बासरी शिका, ती बॅगेत मावते. सुंदानी भाषेची शिकवणी मात्र दोन्ही वाटांवर पहिल्या आठवड्यातच लावा.