पावसाळ्यात जळगावहून मुंबई: कसाऱ्याहून जावं की सुरतेहून?

जुलै लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "दादा, बाबांची दवाखान्याची तारीख आहे परळला. तिकीट कोणत्या गाडीचं काढू?" आईच्या उपचारासाठी तीन वर्षं दर दीड महिन्याने मी ही वारी केली आहे. त्यात तीन पावसाळे पुरते आले. म्हणून लोक मला विचारतात, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

ऑक्टोबर ते मे हा प्रश्नच नसतो. तेव्हा मनमाड-नाशिकवरूनच जावं. गाड्या भरपूर, अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आत, संध्याकाळी जेवून निघालं तरी पहाटे कल्याण येतं. प्रश्न उभा राहतो तो जूनच्या शेवटापासून गणपतीपर्यंत, आणि तोही कुणाची ठरलेली वेळ गाठायची असेल तेव्हाच. लग्नाला किंवा फिरायला निघालेल्यांनी एवढा विचार करायची गरज नाही.

जळगावचं भाग्य असं की मुंबईकडे जायला इथून दोन वाटा फुटतात. एक चाळीसगाव, मनमाड, इगतपुरीवरून कसारा घाट उतरते. दुसरी धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला जाते आणि तिथून समुद्राच्या बाजूने खाली येते. दुसरी वाट दीडशे किलोमीटर लांबची. पहिलीला सात तासांच्या आसपास लागतात, दुसरीला दहा-अकरा. या वाटेने थेट मुंबईला जाणारी खानदेश एक्सप्रेस रोज नसते. ती नसेल त्या दिवशी सुरतेला किंवा उधन्याला उतरून गाडी बदलावी लागते. मुंबईत उतरायला मात्र दोन्हीकडून दादर मिळतं, त्यामुळे परळला जाणाऱ्याला शेवटचा टप्पा सारखाच.

आता पाऊस. कसारा ते इगतपुरी हा चौदा-पंधरा किलोमीटरचा घाट १८६५ साली सुरू झाला. सदतिसास एक असा त्याचा चढ, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. घाटात तीन मार्ग टाकलेले आहेत, पण डोंगर एकच आहे. दरड आली किंवा रुळाखालची खडी वाहून गेली की अनेकदा तिन्ही मार्ग थांबतात. घाट उतरल्यावरही सुटका नाही. २०२१ च्या जुलैत एका रात्रीत घाटात दरडी आल्या आणि खाली उंबरमाळी स्टेशनात पाणी फलाटाच्या उंचीला लागलं होतं. त्याआधी २९ ऑगस्ट २०१७ ला सकाळी आसनगाव-वासिंदच्या दरम्यान नागपूर-मुंबई दुरांतोचं इंजिन आणि नऊ डबे घसरले. तिथेही पावसाने रुळाचा आधार गेला होता. जीवितहानी झाली नाही, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेळापत्रक पार कोलमडलं. अशा वेळी काही गाड्या रद्द होतात, काही नाशिक किंवा इगतपुरीलाच संपवतात, काही मनमाडहून दौंड-पुण्याकडे वळवतात, तर काही आपल्याच जळगाववरून वसईकडे.

खानदेशातल्या माणसाला यात एक वेगळाच त्रास होतो. आपल्याकडे आभाळ कोरडं असतं. कापूस लावून बसलेला शेतकरी नक्षत्रं मोजत असतो. फलाटावर घाम पुसत उभं असताना भोंग्यातून "अतिवृष्टीमुळे" असं ऐकू आलं की खरंच वाटत नाही. शेजारी बसलेल्या आजीने मला एकदा विचारलं होतं, "गाडी कव्हय निंघी रे भाऊ? पाणी कोठे पडी ऱ्हायनं?" पाणी अडीचशे किलोमीटरवर पडत होतं. तिचा अविश्वास मला समजत होता. म्हणून पहिली सूचना: जळगावचं आभाळ बघून ठरवू नका, इगतपुरीला काय चाललंय ते विचारा. नाशिकला नातेवाईक असतील तर त्यांनाही विचारून उपयोग नाही, घोटी-इगतपुरीकडचं माणूस हवं. नाशकात भुरभुर असते आणि तिथून पन्नास किलोमीटरवर धो धो चालू असतो.

सुरतेची वाट निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. जुलै २०१६ मध्ये नंदुरबारजवळ पाचोराबारीला ढगफुटीसारखा पाऊस झाला, पाणी गावात शिरलं, माणसं गेली, आणि रुळाखालचा भरावही वाहून गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीच्या पुराने नवापूरची दैना केली. ऑगस्ट २००६ मध्ये उकईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहरच बुडालं होतं. आणि सुरतेच्या पुढे मुंबईच्या दारात वसई-नालासोपारा आहेच. जुलै २०१८ मध्ये तिथे रूळ पाण्याखाली गेले आणि वडोदरा एक्सप्रेसमधले प्रवासी उतरवायला एनडीआरएफच्या बोटी आणाव्या लागल्या. म्हणजे कोणत्या वाटेवर गाड्या जास्त वेळा अडकतात हे आकड्याने सांगायला मला कुणी सांगितलं तर मी सांगणार नाही. माझ्या तीन पावसाळ्यांत कसाऱ्याकडे तीनदा अडकलो, सुरतेकडे एकदा. पण कसाऱ्याकडून मी गेलोही जास्त वेळा.

माझं मत ठरलं ते गाडी किती वेळा अडकते यावरून नाही. ती कुठे अडकते यावरून ठरलं.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो, पहाटे नाशिकरोड सुटलं, देवळाली मागे पडली आणि घोटीच्या अलीकडे गाडी आउटरला थांबली. बाहेर दोन्ही बाजूंना भातखाचरं तुडुंब भरलेली, रूळ उंच भरावावर, समोर लाल सिग्नल. पुढे घोटीला एक गाडी उभी, तिच्यापुढे इगतपुरीचे फलाट भरलेले. आमच्या मागेही गाड्या येऊन लागलेल्या. मागे तासाभराच्या अंतरावर नाशिकसारखं शहर होतं, तिथे चहा, दवाखाना, एसटी सगळं होतं, पण गाडी मागे घ्यायलाही जागा नव्हती. साडेसहा तास आम्ही तिथे होतो.

पहिले दोन तास कुणाला काही वाटत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर निघाली, समोरच्या कुटुंबाने केळी दिली, गप्पा झाल्या. मग संडासातलं पाणी संपलं. आईला मधुमेह, त्यामुळे तिला दर तासाला उठावं लागतं. तिने पाणी पिणंच बंद केलं. मी आग्रह केला तरी ती ओठ ओले करून बाटली परत द्यायची. इन्सुलिनच्या डब्यातला बर्फ वितळायला लागला होता. डब्यातली तरणी मुलं चपला हातात घेऊन भराव उतरली आणि चिखलातून महामार्गाकडे चालत गेली. आईचे गुडघे धड जिना उतरू देत नाहीत, तो भराव कुठून उतरणार! तिकीट तपासनीस भला माणूस होता, पण त्यालाही फक्त "पुढून लाईन मिळाली की" एवढंच कळत होतं.

दुपारी गाडी इगतपुरीला आली आणि तिथेच संपवली. पुढे एसटीच्या जादा गाड्या लावल्या होत्या. त्या उंच पायरीवर आईला दोघांनी उचलून चढवलं. तारीख हुकली. पुढची तीन आठवड्यांनी मिळाली, आणि ते तीन आठवडे आमच्या घरात कसे गेले ते मला इथे लिहायचं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात सुरतेहून गेलो. नवापूरकडे रुळावर पाणी आलं आणि गाडी नंदुरबारला थांबवली. पाच तास, म्हणजे फार कमी नाही. पण गाडी फलाटाला लागलेली होती. आईला बाकावर बसवलं, स्टेशनात नळाला पाणी होतं, गरम चहा होता, एका दुकानदाराने बर्फ दिला. शहरात दवाखाना दहा मिनिटांवर. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जायचं नसेल तर स्टेशनबाहेर पडून एसटीने दिवस मावळायच्या आत घरी परतता आलं असतं. आम्ही परतलो नाही. पण परतता येईल हे माहीत असल्यामुळे आई निवांत होती, पाणी पीत होती. मला त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

हा योगायोग असू शकतो, मी नाकारत नाही. तापी मार्गावरही, म्हणजे सुरतेच्या वाटेवरही, गाडी शेतात उभी राहू शकते, राहतेही. पण आमच्या ओळखीचे एक निवृत्त गार्ड आहेत, त्यांनी दिलेलं कारण मला पटलं. नागपूरकडच्या, इटारसीकडच्या, मराठवाड्याकडच्या गाड्या मनमाडला एका माळेत येतात. घाट बंद पडला की ती माळ मागे मागे साचत जाते आणि प्रत्येकीला फलाट मिळत नाही. तापी मार्गावर मालगाड्या पुष्कळ असल्या तरी प्रवासी गाड्या त्या मानाने कमी. त्यामुळे नियंत्रकाला तुमची गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशा बऱ्या स्टेशनात धरून ठेवायला वाव मिळतो. शिवाय कसाऱ्याची अडचण येते ती प्रवासाच्या शेवटी, तुम्ही घरापासून तीनशे किलोमीटर दूर आलेले असताना. खानदेशातली अडचण येते तेव्हा तुम्ही अजून आपल्याच मुलखात असता.

गाडी थांबवण्याबद्दल माझी तक्रार नाही, हेही स्पष्ट लिहितो. ४ ऑगस्ट २०१५ ची रात्र भुसावळच्या माणसांच्या लक्षात आहे. त्या संध्याकाळी भुसावळवरून पुढे गेलेली कामायनी एक्सप्रेस मध्य प्रदेशात हरद्याजवळ माचक नदीच्या मोरीवर घसरली, आणि थोड्याच वेळात समोरून येणारी जनता एक्सप्रेसही. अचानक आलेल्या पाण्याने रुळाखालची माती नेली होती. कितीतरी जीव गेले. वरून रूळ सरळ दिसतो आणि खाली आधार नसतो, ही गोष्ट अंधारात इंजिनातून दिसत नाही. म्हणून भर पावसात कंदील आणि इशाऱ्याचे फटाके घेऊन रुळावरून गस्त घालणाऱ्या ट्रॅकमनने गाडी रोखली तर मी त्याचे आभारच मानतो. पाणी ओसरल्यावर भराव पुन्हा टाकून, खडी ठोकून आधी ताशी वीस-तीसने गाड्या सोडतात, त्यालाही वेळ लागणारच. थांबायचंच आहे, तर कुठे थांबणं सोसवेल एवढंच आपण निवडू शकतो.

परतीचं गणित उलटं आहे. मुंबईहून येताना मी पावसाळ्यातही बिनदिक्कत कसाऱ्याचं तिकीट काढतो. घाट बंद झाला तर गाडी बहुतेक वेळा सुटतच नाही, किंवा ठाणे-कल्याणला अडकते. तिथे स्टेशन आहे, लोकल आहे, कुणाकडे तरी रात्रभर टेकता येतं. आणि येताना तारीख गाठायची नसते. जाताना सुरत, येताना कसारा अशी आमची पद्धत आता बसून गेली आहे.

पाचोरा आणि चाळीसगावच्या मंडळींना मात्र माझा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. सुरतेच्या गाडीसाठी त्यांना आधी उलटं जळगावला यावं लागतं, आणि परतीची गाडी वसई-सुरतेवरून वळवली तर त्यांचं स्टेशनच वगळलं जातं. वळवलेल्या गाडीत बसायच्या आधी ती कुठून जाणार हे नीट विचारा. चाळीसगावहून सोबत तरणी माणसं असतील तर कसाराच बरा वाटतो.

रस्त्याचा पर्यायही पुष्कळ जण सुचवतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून त्यात दम आला आहे, कारण आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे जुना कसारा घाट टळतो. स्वतःची गाडी असेल आणि सोबतचं माणूस बसू शकत असेल तर जरूर विचार करा. आमच्या आईला आठ-नऊ तास बसून राहणं जमत नाही, आडवं व्हावं लागतं. त्यामुळे आमच्यासाठी रेल्वेच.

तिकिटाबाबत एकच. गाडी तुमच्या स्टेशनावर तीन तासांहून जास्त उशिराने येणार असेल आणि तुम्ही जायचं नाही असं ठरवलं, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे मिळतात. घरात बसून हा निर्णय घेता येतो. घोटीच्या आउटरला तो घेऊन उपयोग नसतो.

आईची पुढची तारीख ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी आहे. मंगळवार रात्रीचं सुरतेपर्यंतचं तिकीट काढलंय, खालचे दोन्ही बर्थ मिळाले. बुधवारचा पूर्ण दिवस हातात ठेवलाय. नवापूरला जाग असेल तर आई खिडकीतून बघते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे याचं तिला अजून नवल वाटतं. इन्सुलिनसाठी या वेळी मोठा थर्मास घेतलाय.