मनगट की जांघ? कॅथेटरनंतरच्या तासांचा विचार

अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टीची नळी मनगटातून घालायची की जांघेतून? हृदयापाशी होणारं काम दोन्हीकडे तेच असतं. खरा फरक कळतो तो रुग्ण वॉर्डात आल्यावर.

मनगटातून केलं असेल तर रुग्णाला लवकर उठून बसता येतं. कंबरदुखी असलेल्यांना किंवा आडवं झालं की धाप लागणाऱ्यांना ही मोठीच सुटका. इथली धमनी कातडीलगत आणि हाडावर असते, त्यामुळे दाबली की रक्त थांबतं. हार्ट अटॅक आणि तत्सम त्रासाच्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ‘मॅट्रिक्स’ अभ्यासात (२०१५) मनगटाच्या मार्गाने मोठा रक्तस्राव कमी दिसला.

पण रक्त थांबवायला मनगटावर बांधलेला हवा भरलेला पट्टा जास्त घट्ट किंवा जास्त वेळ राहिला, तर धमनीच बंद पडू शकते. म्हणून नर्स हवा थोडी थोडी सोडते, बोटांचा रंग आणि ऊब पाहते. बोटं बधिर झाली किंवा हात सुजून ताठरला तर लगेच सांगा.

जांघेतून केल्यावर काही तास सपाट पडून राहावं लागतं, पाय सरळ. छिद्र बंद करणारं उपकरण वापरलं तर हा वेळ घटतो. नर्स सुरुवातीला साधारण दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, जांघ आणि पावलाची नाडी तपासते. रात्री झोपमोड होते, तरी ही तपासणी टाळू देऊ नका. कारण इथला सर्वांत घातक रक्तस्राव पोटामागे होतो आणि जखम वरून कोरडीच दिसते. कंबर किंवा कूस दुखू लागणं, घाम, नाडी वाढणं, रक्तदाब उतरणं, एवढ्याच त्याच्या खुणा. ‘पडून पडून पाठ भरली असेल’ असं म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

दोन्ही पर्याय खुले असतील तर मी मनगटच मागेन. डायलिसिससाठी हाताच्या रक्तवाहिन्या जपायच्या असतील, नळी जाड लागणार असेल किंवा मनगटाची नाडी बारीक असेल, तर मात्र जांघच योग्य. तेव्हा रात्री वॉर्डात किती नर्स असतात, हे आधी विचारा.

घरी गेल्यावर रक्त येऊ लागलं तर दोन्हींत उपाय एकच: मनगटावर घट्ट दाब द्या, जांघेत असेल तर आडवं होऊन छिद्राच्या किंचित वर दाबा, आणि दाब न सोडता दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा.