जिओकॅशिंग आणि प्रेस्ड पेन्या: दहा महिन्यांनंतर

प्रेस्ड पेन्या मी अमेरिकेत आल्यापासून जमवते आहे. फिरायला गेलं की एक दाबून घ्यायची आणि घरी आल्यावर डब्यात टाकायची, इतकंच. जिओकॅशिंग मागच्या मार्चमध्ये लेकीच्या हट्टाने सुरू झालं. एप्रिलमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि त्यांच्यामुळे हे दोन छंद एकत्र आले. आजवर आम्हाला ११८ कॅश, म्हणजे लपवलेले डबे, सापडलेत, ६३ नव्या पेन्या झाल्यात आणि १९ वेळा हात हलवत परत यावं लागलंय. दोन्ही एकत्र करून काही साधतं का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा जीपीएसच्या आधारे शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवायचा. डब्यात छोट्या वस्तू असतात. त्यातली एखादी घेतली तर तिच्या तोलाची किंवा सरस वस्तू ठेवायची. प्रेस्ड पेनी म्हणजे एक सेंटचं नाणं यंत्रातल्या दोन फिरत्या रुळांमधून (रोलर) दाबून काढलेला लंबगोल पत्रा, त्यावर त्या ठिकाणाचं चित्र. यंत्राचं हँडल आपणच फिरवायचं.

मला सांगायचं आहे ते असं की या दोघांतली उणीव एकमेकांमुळे भरून निघते. कॅश तुम्हाला अशा जागी नेतो जिथे एरवी कुणी फिरकत नाही, पण परत येताना हातात काही नसतं. एक सही करून आलेलो असतो. पेनीचं यंत्र कायम गर्दीच्या जागी, भेटवस्तूंच्या दुकानाच्या दाराशी. तिथे शोधण्यासारखं काही नसतं, पण मिळालेली वस्तू जन्मभर राहते. म्हणून आम्ही एका दिवसात एक यंत्र आणि त्याच्या आसपासचे तीन-चार कॅश असा बेत आखायला लागलो. तेव्हापासून सहली बदलल्या.

बाबांचं सगळं आयुष्य प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बसवण्यात गेलं. सिअ‍ॅटलच्या स्पेस नीडल मनोऱ्यापाशी त्यांनी पहिल्यांदा हे यंत्र पाहिलं आणि वर बघायचं सोडून ते काचेतून रूळच बघत बसले. "अगं, ही तर छोटी रोलिंग मिल आहे. एका रुळावर चित्र उलटं कोरलंय बघ, दुसरा कोरा आहे." मी इतकी वर्षं हँडल फिरवत होते, पण हे कधी निरखलं नव्हतं. मग त्यांनी लेकीला समजावलं: आधी हवं ते चित्र खुणेसमोर येईपर्यंत हँडल फिरवायचं, मगच नाणी आत ढकलायची, आणि एकदा पेनी रुळात धरली गेली की न थांबता, उलटं न फिरवता एका लयीत काढायची. मध्येच मागे फिरवलं तर चित्राची कड फुटते. माझ्या जुन्या डब्यातल्या निम्म्या पेन्यांवर अर्धवट चित्रं का आहेत ते त्या दिवशी कळलं. बाबांनी काढलेली पेनी खाली पडली तेव्हा कोमट होती. लेकीने ती गालाला लावून पाहिली.

सर्वात जास्त फरक पडतो तो मात्र नाण्याच्या सालाने. १९८२ च्या मध्यापर्यंतच्या पेनीत ९५ टक्के तांबं आहे. त्यानंतरची पेनी ९७.५ टक्के जस्ताची, वर नुसता तांब्याचा मुलामा. ती दाबली की मुलामा ताणला जातो, विरतो आणि खालचं जस्त करड्या रेघांनी वर येतं. चित्र मळकट दिसतं. जुनी पेनी दाबा, रंग सगळीकडे एकसारखा. १९८२ च्या नाण्यांची पंचाईत होते, कारण त्या एकाच वर्षी दोन्ही प्रकार निघाले. वजन करून कळतं, जुनी ३.११ ग्रॅमची, नवी २.५. पण बाबांना काटा लागतच नसे. ते नाणं बोटाच्या टोकावर ठेवून दुसऱ्या नाण्याने टिचकी मारायचे. तांब्याचं नाणं खणखणीत वाजतं आणि आवाज थोडा रेंगाळतो; जस्ताचं बद्द. रविवारी सकाळी बँकेतून आणलेल्या पन्नास-पन्नास पेन्यांच्या गुंडाळ्या टेबलावर पसरायच्या आणि आजोबा-नात वाजवून दोन ढीग करायचे. एका गुंडाळीतून कधी पाच निघतात, कधी आठ, कधी एकही नाही. १९५८ पर्यंतच्या, मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या पेन्या आम्ही दाबत नाही. त्या वेगळ्या ठेवतो.

निवडलेली नाणी मीठ-व्हिनेगरमध्ये मिनिटभर बुडवून, पाण्याने धुऊन लगेच कोरडी करायची. ओली ठेवली तर हिरवट डाग पडतात. एवढी तयारी केली की यंत्रातून निघालेली पेनी खरंच झळाळते.

सोबत काय बाळगायचं, तर एम अँड एम्स मिनीजच्या गोळ्यांची रिकामी नळी. पेन्या जमवणाऱ्यांमध्ये ही जुनी युक्ती आहे. दोन क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी), एक पेनी, दोन क्वार्टर, एक पेनी अशी चळत लावायची. बहुतेक यंत्रांना पन्नास सेंट आणि पेनी लागते, त्यामुळे यंत्रासमोर पाकीट उपसावं लागत नाही. काही यंत्रं आता डॉलर घेतात, तिथे चार क्वार्टर. हीच नळी कॅशच्या पिशवीत पेन आणि चिमट्याशेजारी मावते. चिमटा विसरू नका. मायक्रो कॅशमधली, म्हणजे अगदी चिमुकल्या डब्यातली, कागदाची सुरळी बोटाने निघत नाही.

कॅशमधल्या देवाणघेवाणीसाठी प्रेस्ड पेनीइतकी चांगली वस्तू मला तरी दुसरी सापडलेली नाही. चपटी, हलकी, न मोडणारी, लहान डब्यातही मावणारी, आणि कुठून आली ते तिच्यावरच लिहिलेलं. डब्यांत बहुधा फुटकी खेळणी आणि विझलेल्या बॅटऱ्या साठलेल्या असतात. त्यात एक लखलखीत पेनी दिसली की पुढच्या मुलाचा चेहरा कसा होत असेल, हे मी लेकीकडे बघून सांगू शकते. फक्त एक पथ्य पाळा. डब्यात ओल शिरतेच, आणि दाबताना उघडं पडलेलं जस्त ओलीत पांढरं पडतं. म्हणून ठेवायची पेनी तांब्याचीच आणि झिप लागणाऱ्या छोट्या पिशवीत. आम्ही आत एक चिठ्ठी ठेवतो: कुठे दाबली, कोणत्या तारखेला, मूळ नाणं कोणत्या सालचं.

जूनमध्ये सिअ‍ॅटलजवळच्या स्नोक्वाल्मीच्या बाजूला पडलेल्या ओंडक्यामागे एक अ‍ॅमो कॅन (काडतुसांचा डबा) मिळाला, लष्करी हिरवा, घट्ट झाकणाचा. आत गोल्डन गेट पुलाची प्रेस्ड पेनी होती. कडेला काळपट झालेली, पण पुलाच्या दोऱ्या एकेक मोजता याव्यात इतकी रेखीव. बाबांनी ती उलटून उन्हात तिरकी धरली. कोऱ्या रुळाच्या बाजूला मूळ नाण्यावरच्या लिंकनची पुसट सावली उरली होती, हनुवटी ओढल्यासारखी लांब झालेली. आम्ही ती घेतली आणि स्पेस नीडलची ठेवली. नीडल १९६२ च्या जागतिक मेळ्यासाठी बांधलेला, आणि अमेरिकेत प्रेस्ड पेन्यांची सुरुवात १८९३ च्या शिकागोच्या जागतिक मेळ्यातली. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मेळ्यातली वस्तू मेळ्याच्याच खुणेला भेटली." ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेलो तेव्हा म्युझे मेकॅनिकमध्ये, जुन्या नाणेयंत्रांच्या त्या संग्रहालयात, बाबांना दुपारी चारला बाहेर काढावं लागलं.

लेकीने मध्येच विचारलं होतं, नाणं मोडणं हा गुन्हा नाही का? अमेरिकेच्या कायद्यात फसवणुकीच्या हेतूने नाण्यात फेरफार करणं गुन्हा आहे. आठवण म्हणून दाबणं त्यात बसत नाही. तेव्हा मुलांना निर्धास्तपणे हँडल फिरवू द्या.

आता त्रासाचं. यंत्रं कुठे आहेत याच्या याद्या हौशी लोक सांभाळतात. त्यांचे उपकार आहेत, पण यंत्रं हलतात, बंद पडतात, चित्रं बदलतात. एका संग्रहालयापर्यंत दोन तास गाडी चालवून गेलो तर यंत्रावर बंदची पाटी, ती कधीपासून आहे हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. लेक गाडीत रडली. त्यानंतर निघण्याआधी फोन करून विचारायची सवय लावली. वाटेतले कॅश आधीच हेरून ठेवलेले असले की दिवस वाया जात नाही. एकत्र छंदाचा हा मला सर्वात मोठा फायदा वाटतो.

शहरात मात्र जोडी जमत नाही. यंत्रांच्या आसपासचे कॅश बहुतेक नॅनो, बोटाच्या पेराएवढे, चुंबकाने रेलिंगला चिकटवलेले. त्यात पेनी मावत नाही, आणि इतक्या मगल लोकांच्या देखत शोधायचं म्हणजे लेकीला अवघडल्यासारखं होतं. मगल म्हणजे ज्यांना हा खेळ माहीत नाही ते. राष्ट्रीय उद्यानांतही डबे सहसा नसतात, तिथे अर्थकॅश असतात, म्हणजे जागा पाहून भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. माउंट रेनियरला आम्ही असे दोन केले. सुंदर होते, पण देवाणघेवाण नाही. जिओकॅशिंगच्या ॲपबद्दल थोडक्यात सांगायचं तर फुकट सदस्यत्वात बरेच कॅश लपलेले राहतात. पहिले दोन महिने त्यावर भागवा, गोडी लागली तरच पैसे भरा.

पेन्यांचीच चणचण आता सुरू झाली आहे. १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातल्या शेवटच्या पेन्या पाडल्या. असलेल्या चालतात, पण काही दुकानांत सुट्टे परत देताना आकडा पाच सेंटांत बसवू लागलेत. नवी काही यंत्रं कार्ड घेतात आणि आतलीच तांब्याची कोरी चकती दाबून देतात. ती दिसते छान. मला मात्र १९७४ ची, कितीतरी हातांतून फिरलेली पेनी आपल्या हाताने दाबण्यात जे वाटतं ते त्या चकतीत वाटत नाही. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी बँकेतून गुंडाळ्या आत्ताच आणून ठेवाव्यात.

परतण्याआधी बाबांना तीन जागा बघायच्या होत्या. इथले कॅशर त्या तिन्ही मिळून करतात. पहिली ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ. मे २००० च्या सुरुवातीला सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी तिथे जगातला पहिला डबा ठेवला. आता तिथे स्मृतिफलक आहे. दुसरी सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागातलं जिओकॅशिंगचं मुख्यालय. तिसरा स्नोक्वाल्मीच्या जुन्या रेल्वे बोगद्यापलीकडचा २००१ चा एप कॅश, 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ठेवलेला. बोगदा सुमारे पावणेचार किलोमीटर, आत मिट्ट काळोख आणि भर उन्हाळ्यात हुडहुडी. हिवाळ्यात तो बंद असतो, म्हणून सप्टेंबरमध्येच उरकलं. बाबा बॅटरी घेऊन पुढे, लेक मध्ये, मी मागे. अर्ध्यावर मागचं तोंड टिंबाएवढं झालं तेव्हा लेकीने आजोबांचा हात धरला तो पलीकडे उजेडात येईपर्यंत सोडला नाही.

वहीत बाबांनी मराठीत सही केली. खिशातून पेनी काढली, पिशवीत घातली आणि चिठ्ठीवर नाण्याचं साल लिहायला लेकीला सांगितलं. १९८१ होतं. माझ्या जन्माचं साल. ती पेनी त्यांनी कधी बाजूला काढून ठेवली होती, मला माहीत नाही.

आता नळीत तांब्याच्या अकरा उरल्यात. उन्हाळ्यात कॅन्ससला जाऊन मिंगो शोधायचा आहे, मे २००० पासून चालू असलेला सर्वात जुना कॅश. वाटेवरची यंत्रं लेक नकाशावर खुणा करून ठेवतेय आणि बाबा तिकडून रोज फोनवर विचारतात, किती झाली म्हणून.