गोव्याच्या रिसॉर्टमधलं बर्थडे डिनर: पॅकेज सोडा, मासा आणि टेबल आधी सांगा

दक्षिण गोव्यात माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत किनाऱ्याला लागून जी मोठी रिसॉर्टं आहेत, तिथे वाढदिवसाच्या जेवणाचं पॅकेज हमखास मिळतं. फुगे, पाकळ्या, अर्ध्या किलोचा केक, हिरवळीवर किंवा वाळूत मांडलेलं टेबल, ठरलेला मेन्यू आणि या सगळ्याची मिळून एक रक्कम. मत आधीच सांगून टाकतो. जागा सुरेख, माणसं अगत्यशील, स्वयंपाकघर चांगलं, आणि पॅकेज मात्र पैशांच्या मानाने फिकं. त्यातला मोठा वाटा सजावटीला जातो आणि ताटात येतं ते स्वयंपाकघराला सर्वांत सोपं जाणारं जेवण: टोमॅटो सूप, पनीर टिक्का, बटर चिकन, ब्राउनी. बटर चिकनच खायचं तर गोव्यापर्यंत कशाला यायचं? त्याच पैशांत, कधी कधी कमीतही, त्याच हॉटेलात कितीतरी सरस जेवण होतं. फक्त ते मागून घ्यावं लागतं आणि वेळेत मागावं लागतं.

सुरुवात बुकिंगपासून. खोली कुठल्या प्लॅनवर आहे ते बघा. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे त्यात आणखी एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचा बुफे, आणि एपी म्हणजे तिन्ही जेवणं. एमएपी असेल तर वाढदिवसाच्या रात्रीच्या बुफेचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. ते सोडून हॉटेलातल्याच दुसऱ्या, खास रेस्टॉरंटमध्ये बसलात तर काही ठिकाणी बुफेची ठरावीक रक्कम बिलातून वजा होते, काही ठिकाणी एक रुपयाही होत नाही. हे चेक-इनच्या वेळीच विचारा आणि उत्तर मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. वजावट मिळत नसेल तर मधला मार्ग बरा: बुफेलाच बसायचं, आणि एक अख्खा मासा किंवा काफ्रेआल (हिरव्या वाटणातली गोव्याची कोंबडी) तेवढं वेगळं मागवायचं. सूप, सॅलड, भात, गोड यांचे पैसे वाचतात आणि टेबलावर मधोमध ठेवायला काहीतरी खास येतं.

२४ आणि ३१ डिसेंबरला वाढदिवस असणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे. या दोन रात्री बऱ्याच हॉटेलांत गाला डिनर सक्तीचं असतं, त्याचे माणशी पैसे खोलीच्या भाड्याबरोबरच लावलेले असतात आणि नेहमीचा मेन्यू बंद असतो. अशा वेळी वाढदिवस दुपारच्या जेवणाला उरकलेला चांगला. दुपारी स्वयंपाकघर मोकळं असतं, शेफ स्वतः टेबलापाशी येतो.

आता सांगायचं कोणाला? बुकिंगच्या फॉर्मवर ‘स्पेशल ऑकेजन’च्या रकान्यात लिहिलेलं फ्रंट ऑफिसच्या संगणकात जातं. तिथून फार तर खोलीत एक कार्ड आणि हॉटेलतर्फे अर्ध्या किलोचा केक येतो. रेस्टॉरंटपर्यंत ती नोंद पोचतेच असं नाही, कारण मध्ये पाळी बदलते. सकाळच्या माणसाला सांगितलेलं रात्रीच्या माणसाला ठाऊक नसतं, आणि बहुतेक वाढदिवस इथेच फसतात. आदल्या दिवशी नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर, अकरा-साडेअकराच्या सुमाराला, रेस्टॉरंट मॅनेजरला गाठा. वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आसपास पुन्हा एकदा आठवण करा, कारण रात्रीची सेवा सुरू होण्याआधी वाढप्यांची ब्रीफिंग होते आणि तिथे बोललं गेलं तरच ते खरं. सांगायचं ते मोजकं: किती माणसं, त्यात लहान मुलं आणि वयस्कर किती, कोण शाकाहारी, कोणाला कशाची ॲलर्जी, केक किती वाजता. टाळ्या वाजवत गाणं म्हणणारा ताफा नको असेल तर तेही सांगा, नाहीतर तो येणारच. ॲलर्जीचं नुसतं तोंडी सांगून भागत नाही. ऑर्डरची जी चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते त्या केओटीवर ते लिहिलं जातंय का हे बघा, कारण कढईपाशी उभा असलेला माणूस फक्त चिठ्ठी वाचतो.

टेबल निवडताना चार जागा टाळाव्यात: स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारची, बुफेच्या रांगेला चिकटून असलेली, एसीच्या थेट झोतातली आणि बँडच्या स्पीकरसमोरची. शेवटची सर्वांत वाईट. गोव्यात गिटार-कीबोर्डवर गाणारी जोडी फार छान गाते, पण स्पीकरपासून दहा फुटांवर बसलेल्या आजोबांशी कोणी बोलू शकत नाही.

वाळूतलं टेबल फोटोत झकास दिसतं. जेवायला ते कसं आहे हे ऋतूवर अवलंबून. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मे-जूनमध्ये सातच्या सुमाराला, आणि हॉटेलं टेबल देतात साडेसातला. म्हणजे सूर्यास्ताच्या नावाने पैसे मोजून अंधारात बसणं आलं. सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी बसायचं, तिथे फक्त सरबतं आणि तळलेलं काहीतरी घ्यायचं, नि जेवायला आत यायचं, ही मांडणी सर्वांत चांगली. समुद्राच्या वाऱ्यात ताटातलं अन्न पाच मिनिटांत गार होतं आणि मेणबत्ती पेटत नाही. काचेची चिमणी आधी मागून ठेवा. भरतीची वेळही विचारा, ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. उघड्यावर स्पीकर रात्री १० नंतर कायद्याने बंद, त्यामुळे केक साडेनऊच्या पुढे ढकलू नका.

आता मुख्य गोष्ट, मासा. मेन्यूकार्डावर मोठ्या माशापुढे किंमत नसते, ‘एपीएस’ किंवा ‘आकारानुसार’ असं काहीतरी असतं. बिल फुगतं ते इथे. भाव बहुधा शंभर ग्रॅमचा असतो आणि वजन धरतात ते अख्ख्या, न साफ केलेल्या माशाचं. म्हणून मासा शिजायच्या आधी टेबलावर बघायला मागवा. चांगल्या हॉटेलात बर्फाच्या ट्रेमध्ये आणून दाखवतात. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. डोळा दुधाळ होऊन आत बसलेला, कल्ले तपकिरी, असा असेल तर सरळ नको म्हणायचं. नंतर वजन आणि एकूण रक्कम विचारून ती केओटीवर लिहून घ्यायची. चार जणांना सोबत आणखी एक पदार्थ असेल तर सव्वा किलोचा चणक पुरतो. रायगडकडच्या लोकांना हा जिताडा म्हणून माहीत आहे. मोठा मासा अख्खाच्या अख्खा तंदूरमध्ये घालायचा मोह टाळावा, कारण शेपटी वाळते तेव्हा खांद्याकडचा भाग कुठे शिजायला लागलेला असतो. त्यापेक्षा मधल्या तुकड्या रवा लावून तळायच्या, आणि डोकं, शेपटी नि काटा हुमणात, म्हणजे नारळाच्या आंबट-तिखट कालवणात, घालायचा. एका माशात दोन पदार्थ होतात, आणि हुमणाला चव येते ती डोक्यामुळेच. कार्डावर हा प्रकार नसतो, पण विचारलं तर शेफ खुशीने करतात.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात हॉटेलात मिळणारी सुरमई नि पापलेट बहुधा गोठवलेली. ते काही पाप नाही, पण ताज्या माशाचा भाव देऊ नये. पावसाळ्यातल्या वाढदिवसाला चिकन काफ्रेआल हा शहाणपणाचा पर्याय. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, मिरी यांचं ते हिरवं वाटण कोंबडीत मुरायला काही तास लागतात. सकाळी सांगितलं तर अख्खी कोंबडी खरी मुरलेली मिळते. रात्री आयत्या वेळी मागितलं तर वरून सॉससारखं ओतलेलं येतं आणि आत मांस फिक्कं निघतं.

लहान मुलं असतील तर ‘तिखट कमी करा’ हे वाक्य सगळ्या पदार्थांना लागू पडत नाही हे ध्यानात घ्या. शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचं कालवण) आणि रेशाद (माशाला लावायचं लाल मिरचीचं आंबट वाटण) यांचा मसाला आधीच वाटून ठेवलेला असतो, त्यातली मिरची आयत्या वेळी काढणार कशी? कमी तिखट म्हणून शाकुती मागवली की नुसती नारळाचं दूध घालून पातळ केलेली येते, ना धड शाकुती ना धड काही. मुलांसाठी काल्दीन मागवावं. नारळाच्या दुधातलं, हळद-धण्याचं, मुळातच सौम्य. सोबत पोई (गोव्याचा पाव) किंवा सान्नां (इडलीसारखा प्रकार). डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी गोवन पुलाव मागवताना त्यात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज, आहे का ते विचारावं, पुष्कळदा असतं.

शाकाहाऱ्यांच्या बाबतीत या हॉटेलांना गुण कमीच द्यावे लागतात. बुफेतला शाकाहारी भाग म्हणजे पंजाबचं एक छोटं खेडंच. वास्तविक गोव्याच्या हिंदू घरांतला शाकाहार श्रीमंत आहे: खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण), मुगागाठी (मोडाच्या मुगांची उसळ), अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक. पण मूग मोड आणायला आणि अळसांदे भिजायला वेळ लागतो, तेव्हा हे किमान आदल्या सकाळी सांगावं लागतं. सांगितलं की बहुधा होतं, कारण मेन्यूवर नसलं तरी स्वयंपाकघरातल्या निम्म्या लोकांच्या घरी ते आठवड्याला शिजतं.

केकचा प्रश्न वेगळाच. अर्धा किलो केक चार-पाच जणांना होतो, एक किलो आठ-दहांना. अंडं नको असेल तर चोवीस तास आधी सांगा. हॉटेलची बेकरी पहाटे चालते, दुपारी सांगितलेला बिनअंड्याचा केक घाईत बाहेरून आणलेला असतो. गोव्याच्या दमट हवेत फॉन्डंट (केकवरचं साखरेचं जाड आवरण) फ्रीजमधून काढल्यावर घाम धरतं आणि त्यावरचं नाव ओघळतं, तेव्हा उघड्यावर कापायचा असेल तर चॉकलेट गनाशचा साधा केक बरा. बाहेरून, मडगावच्या बेकरीतून, आणायचा विचार असेल तर आधी परवानगी विचारा. काही हॉटेलं चालवून घेत नाहीत, काही ठिकाणी ‘केक कटिंग चार्ज’ बिलात येतो. फेसाचा स्प्रे अजिबात नको. त्यातला वायू पेट घेतो, आणि पेटलेल्या मेणबत्तीजवळ तो मारल्यावर चेहरे भाजल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कारंजासारख्या उडणाऱ्या फुलबाज्या बंद खोलीत स्मोक डिटेक्टर वाजवतात, शिवाय राख केकवरच पडते.

खरं तर केक हवाच कशाला? गोव्यात बेबिंका आहे. मैदा, नारळाचं दूध, साखर, अंड्यातला पिवळा बलक, तूप, जायफळ. एक थर भाजून झाला की त्यावर पुढचा ओतायचा, आच वरून. परंपरेने सात थर, म्हणून तीन-चार तास सहज जातात. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घट्ट असल्याने त्यात मेणबत्ती ताठ उभी राहते, आणि उकाड्यात तो वितळत नाही. हॉटेलच्या बेबिंक्याची पारख एका तुकडीत होते: उभा काप घेऊन बोटाने हलकेच उलगडलं तर थर पानांसारखे सुटे व्हायला हवेत, कडा गडद तपकिरी, मधला भाग सोनेरी. सगळं एकजीव आणि रबरासारखं असेल तर घाईत भाजलाय किंवा तूप हात राखून घातलंय. खाताना किंचित कोमट हवा, फ्रीजमधून थेट आणलेला नको. गार तुपाने टाळू चिकटते. अंडं न खाणाऱ्यांना मागवावं सेराडुरा, म्हणजे मलई आणि मारी बिस्किटांच्या चुऱ्याचे थर, ग्लासात. त्यात प्राणिज जिलेटिन घालतात का तेवढं विचारून घ्या.

बिल. खोलीवर टाकायला सांगितलंत तरी त्या रात्रीच वाचा, चेक-आउटच्या गडबडीत नको. ज्या हॉटेलात गेल्या आर्थिक वर्षात एक जरी खोली रात्रीला ७,५०० रुपयांहून जास्त भावाने गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५. शिवाय सर्व्हिस चार्ज लावला असेल तर जीएसटी त्याच्यावरही चढतो. १२,००० रुपयांचं जेवण, १० टक्के सर्व्हिस चार्ज धरून १३,२००, आणि त्यावर १८ टक्के म्हणजे एकूण १५,५७६. तेच ५ टक्क्यांच्या जागी, सर्व्हिस चार्जशिवाय, १२,६००. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. तो काढायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढतात; नाही काढला तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. वाढप्याला द्यायचे ते रोख, हातात द्या. दारूवर जीएसटी नसतो, त्यावर राज्याचा व्हॅट असतो, म्हणून ती रक्कम बिलात वेगळी दिसायला हवी.

केक उरतोच. खोलीतला मिनीबार फ्रीजइतका गार नसतो, क्रीमचा केक त्यात सकाळपर्यंत आंबूस होतो. खोलीचा क्रमांक लिहून तो रेस्टॉरंटच्याच फ्रीजमध्ये ठेवायला द्या आणि नाश्त्याला मागून घ्या. बेबिंका मात्र खोलीतही राहतो, घट्ट गुंडाळून ठेवला तर घरापर्यंत सुद्धा.