क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, छान आहे, पण डिस्प्युट फॉर्मला एनओसी जोडायची कुठे?

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट मी गेले कित्येक महिने आळीपाळीने काढतोय, त्यामुळे स्कोअर ३०० ते ९०० असतो वगैरे सांगत बसत नाही.

सुरुवात झाली होम लोनपासून. सिंहगड रोडच्या ब्रँचमध्ये साहेबांनी स्क्रीन वळवून दाखवली, माझं टू-व्हीलरचं लोन अजून चालू आणि वर थकीत. अहो, ते लोन कधीच फिटलंय! एनओसी (काही बाकी नाही असं कंपनीचं पत्र) मिळाली, आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा फॉर्म ३५ मिळाला, संगम ब्रिजच्या आरटीओत जाऊन तो बोजासुद्धा उतरवून झाला, आणि रिपोर्टमध्ये डीपीडीचा, म्हणजे हप्ता किती दिवस थकलाय त्याचा आकडा दर महिन्याला वाढतोच आहे. साहेब म्हणाले, "या स्कोअरला रेट पाव टक्का जास्त लागेल." पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ४० लाख २० वर्षांसाठी घेतले तर साडेआठ आणि पावणेनऊमध्ये महिन्याला ६३५ रुपये फरक पडतो, म्हणजे एकूण दीड लाखाच्या वर. दुसऱ्याच्या चुकीसाठी मी का भरू?

मग ब्युरोच्या साइटवर ऑनलाइन डिस्प्युट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार टाकली. आणि इथे माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर नाहीये. खातं निवडा, काय चुकलंय ते निवडा, सबमिट. बस. मला त्या फॉर्ममध्ये कागद जोडायची सोयच सापडली नाही! हातात सही-शिक्क्याची एनओसी आहे आणि ती दाखवायला जागा नाही. साध्या गॅस कनेक्शनच्या अर्जाला चार कागद अपलोड करून घेतात. काही दिवसांनी उत्तर काय, तर कर्ज देणाऱ्या कंपनीने माहिती बरोबर असल्याचं कळवलंय. विषय संपला म्हणे.

तेव्हा मी ब्युरोवरच भडकलो होतो. नंतर नियम वाचले आणि मत थोडं बदललं. कंपनीने मान्य केल्याशिवाय ब्युरोला स्वतःहून नोंद बदलता येत नाही, क्रेडिट ब्युरोंसाठीच्या २००५ च्या कायद्यातच तसं आहे. म्हणजे धरायचं फायनान्स कंपनीला. त्यांच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) एनओसी, फॉर्म ३५ आणि नवीन आरसी जोडून मेल टाकली, त्यातच चारही ब्युरोंकडे दुरुस्ती पाठवा असं लिहिलं. तरी फॉर्मबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. एनओसी तेव्हाच पुढे गेली असती तर पलीकडे बसलेल्या माणसाला स्वतःच्याच कंपनीचा शिक्का दिसला असता आणि पहिल्याच फेरीत काम झालं असतं.

खरी गाडी हलली ती शंभर रुपयांनी. २६ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि त्या ३० दिवसांतले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्याला दुरुस्ती पाठवायला. दुसऱ्या मेलमध्ये मी हा नियम, तक्रारीची तारीख आणि माझा खाते नंबर एवढंच लिहिलं. खातं बंद दिसायला लागलं आणि भरपाईपण जमा झाली. मला खरंच वाटलं नव्हतं की हे पैसे येतील, मनापासून आनंद झाला! मंडळी, ही भरपाई सोडू नका, रक्कम छोटी असली तरी मागा.

आता पैशाचं. रिपोर्ट बघायला ब्युरोच्या महिन्याच्या पेड प्लॅनची गरज नाही. २०१७ पासून प्रत्येक ब्युरोने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच आहे, चार ब्युरो म्हणजे दर तीन महिन्यांनी एक. साइटवर पेड प्लॅन मोठ्या अक्षरात आणि फुकटची लिंक कोपऱ्यात असते, शोधायची. आपला रिपोर्ट आपण बघितल्याने स्कोअर पडत नाही. आणि स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका, डिस्प्युट आपण फुकट टाकू शकतो आणि खरी नोंद तोही पुसू शकत नाही.

ब्रँचने नवीन रिपोर्ट बघून पाव टक्का कमी केला. एका ब्युरोत मात्र जुनी नोंद अजून दिसतेय. कर्ज देणाऱ्यांनी ब्युरोंना दर पंधरवड्याला डेटा पाठवायचा नियम जानेवारी २०२५ मध्येच आला, त्यामुळे उशिराचं कारण मी ऐकून घेणार नाही. तिथल्या तक्रारीचे ३० दिवस भरले की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे टाकतोय, ब्युरोपण २०२२ पासून त्यांच्या कक्षेत आहेत. आणि हो, तिथे कागद जोडता येतात.