रोलँड एसएच-१०१: तीन ऋतू वापरून, घरच्या घरी सुरात आणून

जुना ॲनालॉग सिंथ, म्हणजे विजेच्या मंडलातून आवाज काढणारा सिंथेसायझर, घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तो सुरात लावायचं काम तुम्ही स्वतः शिकणार आहात का? शिकणार असाल तर डोळे झाकून घ्या. नसाल तर नवा घेतलेला बरा. रोलँडचा एसएच-१०१ गेल्या पावसाळ्यापासून घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी आहे. पाऊस झाला, थंडी झाली, आता मे महिन्याचा उकाडा चालू आहे. एवढ्या वापरानंतर सांगतो, या वाद्याची खरी मजा त्याचं ट्यूनिंग आपल्या हातात आल्यावर सुरू होते.

माझा सिंथ आला तेव्हा खालचे सूर बरोबर लागायचे आणि वर जावं तसे चढत जायचे. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर उत्तर मिळालं, "जुनं यंत्र आहे, एवढं चालायचंच." हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या या वाद्यात एकच ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारा भाग) आहे, त्याची आयसी, म्हणजे चिप, सीईएम३३४०. त्या काळातल्या कितीतरी नावाजलेल्या सिंथमध्ये हीच आयसी बसवलेली असे आणि नीट लावली तर ती सुरात राहते. बिघाड नव्हताच, प्रीसेट, म्हणजे बोर्डवरचे सूर लावायचे बारीक स्क्रू, सरकले होते.

आत काय चालतं ते थोडक्यात. पट्टी दाबली की तिच्यानुसार एक व्होल्टेज तयार होतं आणि दर सप्तकाला ते बरोबर १ व्होल्टने वाढायला हवं. म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांत ८३.३ मिलिव्होल्टचा फरक, आणि एक सेंट, म्हणजे त्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, पाऊण मिलिव्होल्टच्या थोडं वर. या व्होल्टेजवरून कंपनसंख्या दुप्पट-चौपट करण्याचं काम ट्रान्झिस्टर करतात आणि ट्रान्झिस्टरला उष्णता लगेच बाधते. २५ अंशांना कंपनसंख्या दुप्पट व्हायला ट्रान्झिस्टरला साधारण १८ मिलिव्होल्ट लागतात, आणि दर अंशाला हा आकडा एक तृतीयांश टक्क्याने वाढतो. नुसता ट्रान्झिस्टर असता तर खोली ५ अंशांनी तापल्यावर दोन सप्तकांत जवळजवळ ४० सेंटची चूक आली असती, म्हणजे अर्ध्या पट्टीला थोडीच कमी. ३३४० मध्ये हा परिणाम आतल्या आत खोडून काढायची सोय आहे, म्हणून प्रत्यक्षात फार थोडी चूक उरते. पण तेवढीही कानाला टोचते.

त्यामुळे पहिला नियम असा की ज्या हवेत वाजवणार त्याच हवेत ट्यून करायचं. मी रात्री एसी लावून वाजवतो, म्हणून एसी चालू करून, सिंथ अर्धा तास चालू ठेवून तापवून, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेतो. भर दुपारी पंख्याखाली लावलेला सूर रात्री एसीत तसाच सापडेल अशी आशा धरू नये. एसीचा झोत थेट सिंथवर येत असेल तर आधी सिंथची जागा बदला.

अॅडॉप्टरबद्दल जरा कडक सांगतो. याला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनचं मधलं टोक ऋण असतं. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरना मधलं टोक धन असतं. मल्टिमीटरने तपासल्याशिवाय पिन खुपसू नका. मी गिटार पेडलसाठी मिळणारा रेग्युलेटेड अॅडॉप्टर वापरतो. व्होल्टेज हलत असेल तर सूर स्थिर राहण्याची अपेक्षा करणंच चूक.

आता मुख्य काम. आधी सीव्ही आउटवर (पट्टीचं व्होल्टेज बाहेर देणाऱ्या सॉकेटवर) मीटर लावून एकेका सप्तकाला १ व्होल्ट वाढतो का ते पाहायचं. इथे साधा मल्टिमीटर फसवतो. २ व्होल्टच्या रेंजमध्ये तो एक मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो. वरच्या पट्ट्यांचं व्होल्टेज २ च्या पुढे गेलं की २० ची रेंज लावावी लागते आणि आकडा दहा-दहा मिलिव्होल्टच्या उड्या मारतो. दहा मिलिव्होल्ट म्हणजे १२ सेंट! एवढी चूक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू येईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून साडेचार डिजिटचा, म्हणजे २० च्या रेंजमध्येही एक मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर आणला तेव्हा काम मार्गी लागलं. तेवढा खर्च नको असेल तर कानावर भरवसा ठेवा, साध्या मीटरवर ठेवू नका.

सीव्ही जमलं की ऑसिलेटर. याचे दोन प्रीसेट, एक ट्यूनचा आणि दुसरा विड्थचा. ट्यूनने सगळे सूर एकदम वर-खाली होतात, विड्थने दोन सप्तकांमधलं अंतर ताणलं किंवा आवळलं जातं. कीबोर्ड पाश्चात्त्य नावांनी एफपासून सीपर्यंत ३२ पट्ट्यांचा, त्यामुळे त्यात ए हा सूर तीनदा येतो. सिंथचा रेंजचा स्विच (सगळा कीबोर्ड सप्तकासप्तकाने वर-खाली करणारा) असा ठेवायचा की खालचा ए ११० हर्ट्झच्या आसपास येईल, मग पुढचे २२० आणि ४४० यायला हवेत. खालचा ट्यूनने बसवायचा, वरचा विड्थने. विड्थ फिरवली की खालचाही थोडा हलतो, म्हणून परत ट्यून, परत विड्थ. प्रत्येक फेरीला चूक कमी होत जाते. घाई केली तर होत नाही.

पण एका हाताने पट्टी दाबून दुसऱ्या हाताने उघड्या बोर्डवरचा प्रीसेट फिरवणं अवघड आहे. त्यावर उपाय सिंथमध्येच आहे. त्याच्या सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या भागात, १०० पायऱ्यांपर्यंत नोंदवता येतं. मी त्यात खालचा ए आणि वरचा ए एवढेच दोन सूर भरतो, वेग अगदी मंद ठेवतो आणि सिक्वेन्सर चालू करून देतो. सिंथ आपणहून सा आणि तारसप्तकातला वरचा सा म्हणत राहतो, आपले दोन्ही हात मोकळे. प्रीसेटला हात लावण्याआधी त्याच्या मूळ जागेवर बारीक मार्करने खूण करून ठेवावी आणि स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचा घ्यावा.

शेवटचं बारीक काम कानाने. फोनवर ४४०चा सूर लावला आणि सिंथ ४४१वर असला, तर सेकंदाला एक लहर ऐकू येते. पदार्थविज्ञानात त्यालाच विस्पंद म्हणतात. ही एक लहर म्हणजे साधारण ४ सेंट. दोन सेकंदांना एक लहर येईपर्यंत आणलं की २ सेंटवर पोचलो आणि वाजवायला तेवढं पुरेसं आहे. माझी आई गाते. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "वरचा सा अजून चढतोय रे, खालचा बरोबर आहे," तेव्हा ट्यूनरच्या ॲपवरचा काटा मधोमध दिसत होता. बारकाईने ऐकलं तर लहर होतीच. विड्थ केसभर मागे घेतली.

तानपुऱ्यासोबत वाजवणाऱ्यांनी पुढचं नीट समजून घ्यावं, कारण इथे चांगलं लावलेलं वाद्यही बिघडवलं जातं. आईचा सूर काळी चार, म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. त्या षड्जाचा नैसर्गिक गंधार २५९.६ हर्ट्झला येतो. सिंथची पट्टी देते २६१.६. सेकंदाला दोन लहरी स्पष्ट ऐकू येतात, आणि तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार उमटत असेल तर सिंथचा गंधार उघड उघड चढा वाटतो. पंचमात फरक जेमतेम २ सेंट, तो खपून जातो. गंधारात तो १४ सेंट आहे. हा दोष सिंथचा नाही, समान अंतरांच्या सप्तकाचा आहे आणि हार्मोनियममध्येही तो असतोच. विड्थ फिरवून गंधार जुळवायला गेलात तर सप्तक तुटेल. मी तानपुऱ्यावर वाजवताना सा, प आणि वरचा सा यांवरच थांबतो, गंधारावर रेंगाळत नाही. थांबायचंच झालं तर पिच बेंडने किंचित खाली घेतो.

फिल्टर (आवाजाचा वरचा, तीव्र भाग गाळणारा) मात्र ऑसिलेटरपेक्षा जास्त सरकतो, निदान माझ्याकडे तरी. रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथे गाळतो तिथलाच सूर उठवणारा स्लायडर, पूर्ण चढवला की फिल्टर स्वतःच शिट्टीसारखा स्वर काढतो. कीबोर्डचा स्लायडर पूर्ण वर ठेवला तर ती शिट्टी पट्ट्यांनुसार सुरात वाजवता येते. तिचे प्रीसेट वेगळे आहेत आणि पद्धत वरचीच. थंडीत लावलेली शिट्टी मार्चमध्येच उतरली होती, तेव्हा ऑसिलेटर जागेवर होता. बेस वाजवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही.

पावसाळ्यात सूर बिघडेल अशी माझी भीती होती. सूर टिकला, त्रास स्लायडरनी दिला. आमच्या रस्त्यावरची बांधकामाची धूळ आणि दमट हवा मिळून स्लायडरमध्ये चिकटा धरतो. मग फिल्टरचा स्लायडर सरकवताना खरखर होते आणि आवाज मध्येच उडी मारतो. कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक फवारणी करून स्लायडर बराच वेळ वर-खाली केला की सुटतो. वाजवून झाल्यावर सुती कापड टाकणं आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं हे मी आता चुकवत नाही. बॅटरीवरही हा चालतो, सहा मोठे सेल लागतात, पण दमट दिवसांत सेल आत ठेवून देऊ नयेत. ते फुटून पाझरले की पत्रे गंजतात.

सुट्या भागांची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ३३४०चं उत्पादन पुन्हा सुरू झालं आहे आणि तिच्या जोडीच्या दुसऱ्या कंपन्यांच्या आयसीही मिळतात. फिल्टरच्या आयआर३१०९ लाही पर्यायी आयसी निघाली आहे.

घ्यायला जाल तेव्हा अर्धा तास तापवून मागा. नुसता चालू करून दाखवला तर सुराबद्दल काहीच कळत नाही. हेडफोन आणि फोनवर ट्यूनर घेऊन जा. तिन्ही ए ऐका, रेंजचे चारही टप्पे फिरवून बघा, प्रत्येक स्लायडर सावकाश वर-खाली करा. वरचा सूर चढलेला किंवा उतरलेला निघाला तर घाबरू नका, तो प्रीसेटवर येतो. सूर एका जागी थांबतच नसेल, दाबलेली पट्टी आपोआप वर-खाली होत असेल, तर मात्र किंमत निम्मी करून मागा किंवा सरळ परत या.